बर्फाच्या यंत्राची स्थापना : एक अनुभव

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात तरुणांस उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर मी चार शब्द सांगावेत, असा निरोप कार्यकारी मंडळाने मला धाडला. विषय कोणता घ्यावा हे माझ्यावरच सोपविले होते. गुरुजी म्हटले की शिक्षण, शिस्त आणि व्यसनमुक्ती यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आमच्या तिवस्याच्या दुकानात बर्फ तयार करण्याचे यंत्र बसविले, ते कसे बसवावयास नको होते आणि पुढे कसे बसले, एवढेच मी सांगणार आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. माझे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत झाले. १९७४ साली ती परीक्षा दिली, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविले. यंत्रविद्येचा मला गंध नाही. तथापि या यंत्रासाठी काढलेल्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही माझी होती. तेव्हा जे शिकलो ते फी भरून शिकलो, असे म्हणावयास हरकत नाही.

माझ्या लहानपणी तिवस्यात बर्फ तयार होत नसे, तो अमरावतीहून येई. लाकडाच्या भुशात पुरून, वरून तरट गुंडाळलेली लादी मोटारीच्या टपावरून उतरविली जात असताना तिच्यातून ठिबकणारे थेंब तळहातावर झेलण्यासाठी आम्हां मुलांची झुंबड उडे. अमरावतीत मणभर असलेली लादी आमच्या गावी पोहोचेपर्यंत किती उरे, हे दुकानदाराचे दुःख होते. आमच्या दृष्टीने ती वाहून जाणारी संपत्ती होती.

पुढे वाचनात आले की, बर्फाचा हा प्रवास याहून पुष्कळ लांबचाही झालेला आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांचा तो समुद्रप्रवास विषुववृत्त दोनदा ओलांडून झाला. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता आणि कलकत्त्यास पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला व त्याच्या साठवणीसाठी बर्फघरे उभारण्यात आली. मद्रासचे बर्फघर अद्यापि उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा त्या वास्तूत मुक्काम झाला होता आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १८७८ च्या सुमारास कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचा हा व्यापार बुडाला. या साऱ्या हकीकतीत माझ्या ध्यानात राहिले ते बर्फाभोवतीचे आवरण. चार महिने बर्फ टिकला तो त्या आवरणाच्या जोरावर. बर्फ करणे हा अर्धाच उद्योग आहे, उष्णतेला त्याच्यापासून दूर ठेवणे हा उरलेला अर्धा. हे मला वाचून कळले होते. पण वाचून कळणे आणि उपयोगी पडणे यांत किती अंतर असते ते आता सांगतो.

माझे थोरले बंधू २०११ साली निवर्तले. त्यांच्या मागे वहिनी आणि एक मुलगा. अमरावती-नागपूर महामार्गावर, ज्याचा जुना क्रमांक सहा होता, त्याच्या कडेला त्यांची लहानशी जागा आहे. तेथे पुतण्याने रसवंती घातली व पुढे लस्सी आणि थंड पेयेही ठेवू लागला. नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, मोझरीस गुरुकुंजात जाणारी, कौंडण्यपुरास दर्शनाला जाणारी मंडळी थांबतात. धंदा चांगला होता. परंतु बर्फ बाहेरून आणावा लागे. त्याचा दर उन्हाळ्यात चढे आणि तो कोणत्या पाण्याचा आहे हे विचारण्याची सोय नसे. पुतण्याच्या मनात आले की, खड्यांचा स्वच्छ बर्फ करणारे यंत्र आपणच घ्यावे, आपल्या दुकानास वापरावे आणि उरेल तो आसपासच्या रसवंत्यांस व लग्नकार्यांस द्यावा. विचार मला पटला. पटला म्हणण्यापेक्षा मीच तो अधिक उचलून धरला. बँकेचे कर्ज निघाले, कमी पडले तेथे वहिनींची पोत गहाण पडली, आणि मार्च २०२२ मध्ये यंत्र आले. विक्रेत्याने सांगितले होते की चोवीस तासांत १०० किलो बर्फ पडेल. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तो आकडा ठळक अक्षरांत छापलेलाही होता.

आता हे यंत्र काय करते ते सांगतो, म्हणजे पुढील भाग समजण्यास सोपा जाईल. यंत्राच्या पोटात एक उभी धातूची ताटली असते आणि तिच्यावर चौकोनी घरे पाडलेली असतात. ताटलीच्या पाठीमागून नळ्यांत शीतक द्रव फिरतो व तो उकळत असताना ताटलीची उष्णता ओढून घेतो. समोरून लहानसा पंप पाण्याची धार एकसारखी सोडत असतो. शुद्ध पाणी आधी गोठते व थराथराने घरांत बसते. क्षार मागे राहतात आणि खालच्या कुंडातील पाण्याबरोबर बाहेर सोडले जातात. म्हणून असा बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. थर पुरेसा जाड झाला की यंत्र आपली चाल बदलते आणि काही क्षण गरम वायू त्याच ताटलीमागे धाडते. खडे सुटतात आणि खालच्या पेटीत पडतात. हा एक घाणा झाला. असे घाणे वीस-पंचवीस मिनिटांस एक याप्रमाणे पडत राहतात. आणि ताटलीवरून ओढलेली सारी उष्णता जाते कोठे? ती यंत्राच्या मागील जाळीतून पंखा बाहेरच्या हवेत फेकतो. ही हवा थंड असेल तर काम सोपे. तीच तापलेली असेल तर यंत्र धापा टाकते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बर्फ ज्या पेटीत पडतो ती पेटी थंडी धरून ठेवणारी असली तरी स्वतः थंडी उत्पन्न करीत नाही. तिच्यातला बर्फ हळूहळू वितळतच असतो.

आम्ही यंत्र कोठे बसविले ते ऐका. टिनाच्या छपराखाली, दुकानाच्या मागील कोपऱ्यात, दोन्ही बाजूंस भिंत टेकवून. शेजारी चहाची भट्टी. पाणी घेतले ते छपरावरील काळ्या टाकीतून. सांडपाण्याची नळी थेट उघड्या नालीत बुडविली. वाहनात आडवे पडून आलेले यंत्र उभे करून तासाभरातच चालू केले. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि पहिल्या घाण्याचे खडे प्रसाद म्हणून सर्वांच्या हातांवर ठेवले. तेवढ्या थोड्या वेळात शक्य होत्या तेवढ्या सर्व चुका आम्ही केल्या. माझ्या देखरेखीखाली केल्या, हे मुद्दाम नमूद करतो.

२०२२ चा मार्च हिंदुस्थानात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत तप्त मार्च ठरला, हे आपणांस आठवत असेल. एप्रिलमध्ये आमच्या त्या टिनाखाली दुपारी उष्णतामापक लावला तर पारा ४६ वर चढे. यंत्र रात्रंदिवस घरघरे. परंतु बर्फ पडे जेमतेम पन्नास किलो. पुतण्या रोज सांगे, “काकाजी, पेटी भरूनच नाही राह्यली.” मी म्हणे, नवे यंत्र आहे, सरावेल.

अशात आपल्याच समाजातील एका घरी लग्न होते. त्यांनी विश्वासाने २०० किलो बर्फाची मागणी आमच्याकडे नोंदविली. दोन दिवसांचे शंभर-शंभर असा सरळ हिशेब मीच मांडून दिला होता. लग्नाच्या पहाटे मोजले तेव्हा थर्मोकोलच्या पेट्यांत आणि यंत्राच्या पेटीत मिळून ८० किलोही नव्हते, कारण पडलेल्यातला काही भाग वितळून गेला होता. पुतण्याने चारचाकी काढली आणि अमरावतीहून मिळतील त्या दराने लाद्या आणल्या. त्या पोहोचल्या तेव्हा पहिली पंगत उठली होती. वधूपित्याने एका शब्दाने विचारले नाही. उलट जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणून त्यांनी पुतण्याचा हात धरला. तो घास त्याच्या घशाखाली उतरला नाही, हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

त्या सायंकाळी मी विक्रेत्यास खरमरीत पत्र लिहावयास बसलो. लबाडी, फसवणूक, ग्राहक न्यायालय असे सारे शब्द कागदावर उतरले होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, “भाऊजी, मशीनसोबत तो कागद आला होता, तो वाचला का तुमी?”

मी तो वाचलेला नव्हता. पहिले पान तेवढे पाहिले होते. शोधून काढला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता होता. १०० किलो हा आकडा हवा २१ अंश आणि पाणी १० अंश असतानाचा होता. हवा ३२ आणि पाणी २१ असेल तर ८२ किलो. अमेरिकेत अशा यंत्रांच्या मोजणीचे जे मानक ठरलेले आहे, तेही नव्वद आणि सत्तर अंश फॅरनहाइटचे, म्हणजे जवळजवळ याच दुसऱ्या आकड्यांचे आहे. खाली आणखी एक ओळ होती : सभोवतालची हवा ३८ अंशांहून अधिक असू नये. आमच्या वैशाखाची त्या तक्त्यात गणतीच नव्हती. विक्रेत्याने मोठा आकडा सांगितला आणि लहान अक्षरे सांगितली नाहीत, हा त्याचा दोष मी आजही मानतो. परंतु कागद माझ्या घरात होता.

बंधुजनहो, मी सातवीच्या मुलांना विज्ञान शिकविलेले आहे. एक किलो पाणी एका अंशाने थंड करावयाचे तर एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि शून्य अंशाचे पाणी शून्य अंशाचाच बर्फ व्हावयाचा तर आणखी ८० काढाव्या लागतात. हाच तो अप्रकट उष्मा. पाणी १० अंशांचे असेल तर एका किलोमागे दहा अधिक ऐंशी, म्हणजे नव्वद. आमच्या काळ्या टाकीतले पाणी ४० अंशांचे. म्हणजे चाळीस अधिक ऐंशी, एकशे वीस. केवळ पाण्यामुळे एकतृतीयांश ओझे वाढले, आणि तापलेल्या हवेचा मार त्याहून वेगळा. हे गणित मी फळ्यावर शेकडो वेळा सोडविले असेल. स्वतःच्या पुतण्याच्या दुकानात मात्र ते मला सुचले नाही.

ते पत्र मी फाडले आणि अमरावतीच्या एका वृद्ध कारागिरास बोलाविले. चाळीस वर्षे त्यांनी शीतयंत्रांचीच कामे केलेली. त्यांनी यंत्रास हातही लावला नाही. मागे जाऊन पंख्यासमोर तळहात धरला, टाकीखालच्या नळाचे पाणी बोटांवर घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, मशीनले काही नाही झालं. तिले आपलाच गरम वारा घ्या लागून राह्यला.”

त्यांच्या सांगण्यावरून यंत्र कोपऱ्यातून काढले आणि उत्तरेकडील पक्क्या छताच्या खोलीत नेले. भट्टीचा संबंध तोडला. भिंतीपासून सर्व बाजूंस फूटभर जागा सोडली, एका खिडकीतून हवा आत येईल आणि समोरच्या भिंतीतील पंख्याने गरम हवा बाहेर जाईल अशी योजना केली. पाणसळ लावून पाय समतल केले, कारण ताटली तिरपी असेल तर धार एकीकडे धावते आणि खडे अर्धवट भरतात. पाण्यासाठी सावलीत जमिनीवर पांढरी टाकी ठेवली. सांडपाण्याची नळी नालीत न बुडविता तिच्या तोंडाच्या वर अंतर राखून सोडली, म्हणजे नाली तुंबली तरी घाण पाणी उलटे यंत्रात चढू नये. वीज सायंकाळी उतरते, म्हणून दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर व स्वतंत्र अर्थिंग घेतले. वीज गेली आणि लगेच आली तर यंत्र चार-पाच मिनिटे थांबूनच सुरू व्हावे अशी व्यवस्था केली. तशी ती नसेल तर आतील दाब समान होण्यापूर्वीच कॉम्प्रेसर ओढ घेतो आणि जळण्याचा संभव असतो. यंत्र हलविल्यावर चोवीस तास उभे ठेवले, आतील तेल आपल्या ठिकाणी उतरू दिले, आणि मगच बटन दाबले. पहिले दोन घाणे बाहेर ओतून दिले. यावेळी नारळ फोडण्याचे कोणास सुचले नाही.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण अकोला, दर्यापूर या खारपाणपट्ट्यातून आलेले आहेत. आमचे तिवसा त्या पट्ट्यात नाही; तरी बोअरचे पाणी जडच आहे. महिनाभरात ताटलीवर पांढरा थर चढला आणि खडे सुटेनासे झाले. कामावरच्या मुलाने शौचालय धुण्याचे ॲसिड आणले होते, ते वेळीच हाती लागले म्हणून बरे. त्याने ताटलीवरील मुलामा गेला असता आणि माणसांच्या पोटात काय गेले असते ते निराळेच. यंत्राच्या पत्रकात सांगितलेलेच द्रावण वापरावे, नंतर भरपूर धुवावे आणि पुन्हा पहिले घाणे टाकून द्यावेत. दुसऱ्या टोकाचीही चूक आम्ही केली. आरओचे अगदी निर्मळ पाणी सोडले, तर यंत्रास पाणी आल्याचेच कळेना! काही यंत्रांत पाण्याची पातळी ओळखणारी जी सळई असते ती पाण्यातील क्षारांमुळे वाहणाऱ्या विजेवर चालते. क्षार अजिबात नसले तर तिला कुंड कोरडेच भासते. शेवटी गाळणीचे आणि आरओचे पाणी मिसळून मार्ग निघाला. अति तेथे माती हे यंत्रासही लागू आहे, याची मला गंमत वाटली.

बर्फाने जंतू मरतात ही समजूत आपल्या घरोघरी आहे. ती खोटी आहे. गोठल्याने पुष्कळसे जंतू निजतात आणि बर्फ वितळताच जागे होतात. कावीळ, विषमज्वर हे रोग दूषित पाण्यातून जसे येतात तसेच त्या पाण्याच्या बर्फातूनही येतात. २०१८ साली शासनाने नियम केला की, जो बर्फ खाण्यासाठी नाही, म्हणजे मासळी वगैरे नासू नये म्हणून वापरला जातो, त्यात निळा रंग घालावा, म्हणजे तो ओळखू यावा. तेव्हा मुलांच्या गोळ्यावर किंवा लग्नाच्या पिंपात निळसर लादी दिसली तर उगाच भीड धरू नका. आमच्या दुकानात बर्फ काढण्यास स्टीलची मोठी पळी आहे. हाताने किंवा ग्लासाने काढावयाचा नाही, काच फुटली तर बर्फात दिसत नाही. हा नियम वहिनींनी घातला आणि तो मोडण्याची छाती तेथे कोणाची नाही.

यंत्र हलविल्यानंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्फ पडू लागला तो सुमारे ७० किलो. शंभर झाला नाही आणि वैशाखात तो कधी होणारही नाही. परंतु पुतण्याने आता रात्रीची वेळ धरली. हवा ३० अंशांवर उतरली की यंत्र जोमाने चालते. पहाटे पेटी रिकामी करून बर्फ जाड पेट्यांत भरतो आणि दुपारच्या चार तासांत यंत्र बंद ठेवतो. मागणी नोंदवितो ती साठ किलोच्या हिशेबाने. “पत्रकात शंभर आहे ना?” असे कोणी विचारले तर तो शेवटचे पान उघडून दाखवितो. २०२४ च्या दिवाळीपूर्वी वहिनींची पोत सुटली. बँकेचे चार हप्ते तेवढे राहिले आहेत.

तरुणांपैकी कोणी अशा धंद्यात पडू इच्छीत असेल तर त्याने येण्यापूर्वी आपल्या खोलीचे दुपारचे तपमान, नळाच्या पाण्याचे तपमान आणि सायंकाळी सात वाजताचा विजेचा दाब, हे तीन आकडे आठवडाभर वहीत लिहून आणावेत. मग आपण बसून बोलू. विकत घेण्याचा विचार त्यानंतर. आणि कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. आयटीआयमध्ये शीतयंत्रांच्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. आपल्या शिक्षण निधीतून दरवर्षी ज्या शिष्यवृत्त्या आपण महाविद्यालयीन मुलांस देतो, त्यांतील एखादी या अभ्यासक्रमास जाणाऱ्या मुलासाठी राखून ठेवावी. त्या वृद्ध कारागिरांचे डोळे आता अधू झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकावयास एकही मुलगा नाही, असे ते मला परवाच म्हणाले.

आपण पन्ह्याकडे पाहत आहात, हे माझ्या लक्षात आले आहे. त्यातील बर्फ आमच्याच यंत्रात पडलेला आहे. साठ किलोची मागणी होती, साठ किलो मोजून आणला आहे. ज्यांच्या घरच्या लग्नात आम्ही कमी पडलो होतो ते गृहस्थ आज स्वागत समितीत आहेत, आणि पेट्या उतरवून घेतल्या त्या त्यांनीच.